लेपर्ड गेको: ब्रीडरकडून की पेट शॉपमधून?

नवीन_टाकी:
मंडळी, पहिलाच लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) घ्यायचाय. दुकानात तो हातात घेऊन बघता येतो, ब्रीडर, म्हणजे स्वतः पिल्लं काढून विकणारा, नुसते फोटो पाठवतो, वर पैसेही जास्त सांगतो. ते कशाचे? आणि घेताना नेमकं काय तपासायचं?

जाडशेपटी:
नोंदींचे. अंडं कधी फुटलं, आईबाप कोणते, काय खातो, वजन कसं वाढत गेलं, हे चांगला ब्रीडर न अडखळता सांगतो. अंडी किती तापमानाला उबवली तेही विचारा. 26-27 अंश सेल्सिअसला बहुतेक माद्या होतात, 32-33 ला बहुतेक नर. दुकानात बऱ्याचदा ठिकठिकाणची पिल्लं एकाच टाकीत असतात, आणि त्यात दोन नर मोठे झाले की चावाचावी ठरलेली.

फोटोवर जाऊ नका, दोन व्हिडिओ मागा: एक वजनकाट्यावरचा, एक चिमट्यातला किडा झडप घालून पकडतानाचा. अंड्यातून निघताना पिल्लू जेमतेम 3 ग्रॅमचं असतं. 10 ग्रॅमच्या आत असेल तर थांबा.

कात_टाकली:
ब्रीडर म्हणजे चोख माल, असं मुळीच नाही. रंगाच्या नादात आजारी वाणही विकले जातात. 'एनिग्मा'त डोकं कलतं, गेको जागच्या जागी गोल फिरतो, किड्यावरचा नेम चुकतो. 'लेमन फ्रॉस्ट'मध्ये बहुतेकांना त्वचेत गाठी येतात. दोन्ही अनुवंशिक, तेव्हा असे वाण दाखवले तर सरळ नको म्हणा.

दुकानातूनच घेणार असाल तर शेपटी साधारण मानेइतकी जाड हवी. बोटांवर जुन्या कातेचं कडं अडकलेलं नको. रक्त अडून बोट गळतं. चालताना पोट जमिनीपासून उचललेलं हवं. पाय वाकडे किंवा जबडा मऊ म्हणजे कॅल्शियम नाहीतर व्हिटॅमिन डी3 कमी पडलंय. मरतुकडा दिसला म्हणून दया येऊन उचलू नका, दुकानदार त्या जागी दुसरा आणतो.

थर्मोस्टॅट_आधी:
कुठूनही आणा, घरात आधीचे सरडे-पाली असतील तर 90 दिवस वेगळं ठेवा. खाली वाळू नको, साधा टिश्यू पेपर, म्हणजे विष्ठा लगेच दिसते. चिमटा, वाट्या वेगळ्या. या टाकीचं काम सगळ्यात शेवटी.

खरी भीती क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या परजीवी जंतूची. खाऊनही शेपटी काडीसारखी होत जाते. विष्ठेच्या नेहमीच्या तपासणीत तो निसटू शकतो, म्हणून पीसीआर सांगा, आणि एकदा निगेटिव्ह आली तरी काही आठवड्यांनी पुन्हा करा, कारण जंतू रोज बाहेर पडत नाही. घरगुती ब्लीचने तो मरत नाही. भांडी उकळून घ्या.

नवीन_टाकी:
आणल्यावर खाल्लंच नाही तर?

थर्मोस्टॅट_आधी:
पहिला आठवडा हात लावू नका. उबदार बाजूची जमीन 31-33 अंश आहे ना ते बघा, थंड असेल तर अन्न पचत नाही. न खाल्लेले रातकिडे रात्री आत सोडू नका, तेच पिल्लाला कुरतडतात. वजन दर चार दिवसांनी लिहा. दहा टक्के उतरलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा.