छकुलीची मॅट अन् ते दोन पोट्टे

बाबा: मामा, तुमी आखाड्यातले माणूस म्हणून इथं ग्रुपवरच इचारतो, सगळ्याइले समजन. छकुलीले कुस्तीसंग आता जिऊ-जित्सू शिकाचं हाये म्हणते, कोण्या केडचे व्हिडिओ पाह्यत बसते. काल ओसरीवरच्या दोन गाद्या काढून वरून ताडपत्री टाकली तिनं. हे काय प्रकरण हाये अन् याच्यात पुढं काही हाये का?

मोठ्या काकू: मले तं भेव वाटते बापा, गळा दाबतेत त्याच्यात

मामा: नमस्कार सगळ्याइले, बगीच्यात होतो म्हणून उशीर झाला. थो केड रुओटोलो, कॅलिफोर्नियाचा, 2003 चा जन्म, टाय नावाचा जुळा भाऊ हाये त्याचा, दोघंही तीन वर्षाचे असल्यापासून मॅटवर. ठोसे-लाथा न मारता धरून-आवळून लढाचं त्याले ग्रॅपलिंग म्हणतेत, जिऊ-जित्सू त्यातलंच. एडीसीसी म्हणून ग्रॅपलिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा हाये, 1998 ले अबू धाबीत सुरू झाली, आता दोन वर्षातून एकदा होते. 2022 ले लास वेगासमध्ये झाली तवा केड 19 वर्षाचा होता. 77 किलोत चार लढती अन् चारही समोरच्याले टॅप कराले लावून जिंकल्या, एकही पॉइंटावर नाई. एवढ्या लहान वयात ते कोणीच जिंकलं नोतं. अन् फायनलले समोर कोण तं मिका गाल्वाव, ब्राझीलच्या अॅमेझॉनातलं मनाउस शहर हाये तिथला, 18 वर्षाचा. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या पैलवानाइले बाजूले सारून फायनलले दोन पोट्टे!! मी ते रात्री जागून पाह्यलं होतं, आंगावर काटा आला होता

आई: टॅप म्हणजे काय रे दादा

मामा: हार मानली म्हणून समोरच्याच्या आंगावर नाईतर मॅटवर दोनतीनदा थाप माराची, थाप पडली का लगेच सोडाचं. काकूचं उत्तर यातच हाये, गळा दाबतेत हे खरं पण थाप पडल्यावर एक क्षण पण धरून ठेवलं तं थो खेळाडू नाई. पोराइले पहिल्या दिवशी डाव शिकवत नाई, थाप शिकवतेत

आजी: पाठ मातीले लागली का कुस्ती संपली, हे आमाले माहीत. मंग हे खाली पडून काय करते

मामा: आजी, इथं चीत झाल्यावर खेळ संपत नाई, तिथूनच सुरू होते. पाठीवर पडून दोन्ही पायानं समोरच्याले आवळाचं, दूर ठेवाचं, त्याले गार्ड म्हणतेत. केड अन् टायनं बगी चोक म्हणून एक डाव लोकाइले दाखवला, समोरचा आडवा आंगावर बसला, आपण पुरे दबलो, अन् खालूनच आपला हात अन् आपलाच पाय त्याच्या मानेभवती बांधून त्याले थाप माराले लावाचं. आमच्या वस्तादाले हे दाखवाले पाह्यजे होतं, ते आता नाईत

बाबा: पण हे बाहेरच्या देशाचं, आपल्या पोरीले काय कामाचं

मामा: भाऊजी, आपलं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. त्याच साली मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्युदोवाला ब्राझीलले पोचला, मंग बेलेम शहरात शिकवू लागला, कार्लोस ग्रेसी तिथंच शिकला अन् त्या घराण्यानं पुढं हे वाढवलं. म्हणजे जपानचं ब्राझीलनं घेतलं, अमेरिकेनं ब्राझीलचं घेतलं. मंडळाचे लोक 1936 ले बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपले खेळ दाखवून आले. खेळ गावोगाव असाच फिरते

दादा: अन् पैसे मामा, ते सांगा नं

मामा: सांगतो. 2022 ले केडले एडीसीसी जिंकून 10 हजार डॉलर भेटले. 2024 च्या ऑगस्टमध्ये क्रेग जोन्स या ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूनं एडीसीसीच्याच आठवड्यात, त्याच वेगासमध्ये वेगळी स्पर्धा ठेवली, नुसतं खेळाले आलं तरी 10,001 डॉलर, म्हणजे एडीसीसीच्या विजेत्यापेक्षा एक जास्त, अन् जिंकलं तं 10 लाख डॉलर. केड क्रेगच्या स्पर्धेत आला अन् जिंकला, आपले आठ कोटीच्या वर. ज्या हॉलमध्ये 2022 ले जिंकला होता तोच हॉल. पण दादा, पैशाकडं पाहून पोरगी मॅटवर टाकू नका. हे ऑलिंपिकमध्ये नाई, एशियन गेम्समध्ये 2018 पासून हाये. कुस्ती सोडाची नाई, हे मी छकुलीलेही सांगतलं

अन् मिकाचं आयकाच. त्याच 2022 ले त्यानं जिऊ-जित्सूची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली होती, डोपिंग टेस्टमध्ये औषध सापडलं, टायटल गेलं, वर्षभराची बंदी. वरून ही फायनलची हार. ज्या वीकेंडले केड क्रेगच्या स्पर्धेत दहा लाख घेऊन गेला त्याच वीकेंडले मिका एडीसीसीचा चॅम्पियन झाला, वीस वर्षाचा, अन् त्याच साली वर्ल्डही जिंकली. मले विचाराल तं मी छकुलीले केडच्या जागी मिकाच्याच लढती दाखवीन. अन् कोणी डब्यातली पावडर दिली तं घेऊ नको, घरचं दूध अन् भिजवलेले चणे बस झाले

दादा: मामा एक सांगू का, परवा मी अन् मित्रानं व्हिडिओ पाहून टाच पिरगाळाचा डाव करून पाह्यला, तवापासून गुडघा सुजला हाये, गाडीची किक मारता येत नाई

मामा: त्याले हील हुक म्हणतेत, केडनं मिकाले फायनलले त्यानंच हरवलं. टाच पिरगाळतेत पण तुटते गुडघ्याच्या आतली दोरी, अन् बऱ्याचदा दुखाच्या आंधी तुटते, म्हणून थाप माराले वेळच भेटत नाई. लहान पोराइच्या स्पर्धेत तो डाव चालतच नाई. डॉक्टरले दाखव आजच. अन् छकुली, वाचत असशील तं कोणासंगच नाई कराचा, अजिबात नाई!!

आई: ती वाचू राह्यली, मान हलवली

बाबा: मंग ठरवा मामा

मामा: कुस्ती हप्त्यातून पाच दिवस, तशीच. दोन दिवस माह्याकडं अमरावतीले, माह्या ओळखीच्या ज्युदोच्या बाई हायेत, त्याइच्या मॅटवर, मी सोता बसतो तिथं. ओसरीवरची ताडपत्री काढा, घसरते, गाद्या सरकल्या का मनगट जाते. शनिवारी पहिल्या एसटीनं पाठवा

आजी: शनिवारी मी येतो संग. तिचे केस मी बांधून देईन, ते मोकळे सोडते