भाड्याचा वाफा: घ्यावा की मंडई बरी?

शेवगा: पुण्याजवळ भूगावच्या पुढे एक जण भाजीपाल्यासाठी अर्धा-अर्धा गुंठा भाड्याने देतोय. म्हणजे जेमतेम साडेपाचशे चौरस फूट. पाणी आणि शेणखत त्यांचं, पेरणी-खुरपणी आपली. घ्यावा का?

पेठेतला: अजिबात नको. चांदणी चौक ओलांडून जायचं-यायचं पेट्रोल धरलं तर मेथीची जुडी सोन्याच्या भावात पडते. आणि पाणी ‘त्यांचं’ म्हणजे वैशाखात कुणाचं, हे लिहून घेतलंय? आमच्या वेळी विहीर खाली गेल्यावर आधी मालकाच्या उसाला, उरलं तर आमच्या टोमॅटोला. भाडं मात्र वर्षाचं आगाऊ.

गवती चहा: असा हिशोब लावला तर कुंडीतली तुळसही परवडायची नाही! मंडईत डिंगऱ्या शेवटच्या कधी दिसल्या? आमच्याकडे मुळे काढायचे राहिले, त्यांना शेंगा लागल्या आणि घरी दोनदा भाजी झाली. वांग्यावर माव्याची कीड आली तेव्हा शेजारच्या वाफ्यातल्या काकूंनी पान उलटं करून दाखवलं, निंबोळी अर्क खालून मारायला लावला. हे यूट्यूबवर बघून कळलं नव्हतं.

मुळशीकर: जमीनवाल्यांचंही ऐका. जूनमध्ये उत्साह असतो, फोटो निघतात. आषाढात चिखल झाला की कुणी फिरकत नाही. लव्हाळा नुसता उपटून भागत नाही, खालची गाठ खणून काढावी लागते. नाहीतर पुन्हा जैसे थे. तुमच्या वाफ्यातलं गाजरगवत फुलावर आलं की बी माझ्या रानात. मग मी मजूर लावतो आणि ‘जादा पैसे घेतो’ म्हणून बदनाम होतो.

गवती चहा: हे खरंय. म्हणूनच वाफे शहरात हवेत, येता-जाता हात फिरवता येईल असे. इंग्लंडात 1908 च्या कायद्याने, लोकांची मागणी असेल तर वाफे देण्याची जबाबदारी तिथल्या स्थानिक संस्थांवर आहे. पूर्ण वाफा साधारण अडीच गुंठ्यांचा! आपल्या महापालिकेने निदान पाव गुंठा द्यावा.

पेठेतला: देतील की. ‘भाजी तोडू नये’ अशी पाटी लावून.

शेवगा: 😀 मालकाशी बोललो. दुसऱ्या कुणाला द्यायच्या आत या रविवारी आगाऊ रक्कम भरा म्हणतोय. विहीर काठोकाठ भरली आहे म्हणे.

मुळशीकर: पावसाळा संपता संपता सगळ्यांच्याच भरलेल्या असतात. एप्रिलमध्ये येऊन बघा.