मदत हवी आहे: अमेरिकन बेसबॉलपटू बॅरी बाँड्सचा विक्रम मुलाला कसा समजावून सांगावा?

७ ऑगस्ट २००७ रोजी बॅरी बाँड्सने कारकिर्दीतला ७५६वा होमरन (चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे टोलवणारा फटका) मारून हँक ॲरनचा सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला, तेव्हा त्याच्या संघाचे सॅन फ्रान्सिस्कोचे मैदान जल्लोषात बुडाले होते. इतर शहरांत मात्र, स्टेरॉइड (ताकद वाढवणारी औषधे) घेतल्याच्या संशयावरून त्याची हुर्यो उडवली जात असे. जाणूनबुजून स्टेरॉइड घेतल्याचे त्याने कायम नाकारले आहे. तो विक्रमी चेंडू, चाहत्यांच्या मतदानानंतर शंकेची तारका (*) कोरून, कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयाला देण्यात आला. चामड्यावरची ती खूण मला फार खुपते, कारण चेंडू नेमका हेरणारी नजर औषधाने येत नाही, असे मी मनापासून मानतो. पण वर्णद्वेषी धमक्या सोसत विक्रम गाठणाऱ्या ॲरनचाही विसर पडत नाही. मुलाला खरा विक्रमवीर कोण म्हणून सांगावे? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.