टाकीच्या कोटिंगवरून
*(सोसायटी ग्रुप)*

नेहा ५०४: टाकीला आतून एपॉक्सी मारल्यापासून पाण्याला वास येतोय. मी आधीही लिहिलंय. बीपीएची, म्हणजे एपॉक्सीतून पाण्यात उतरू शकणाऱ्या रसायनाची, टेस्ट करायची आहे की नाही?

सेक्रेटरी: मॅडम, टीडीएस १२० आहे. कालच मोजला. पाणी उत्तम.

नेहा ५०४: टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो, म्हणजे क्षार. बीपीए किंवा थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला घालतात ती रसायनं) त्याला दिसतच नाहीत.

सेक्रेटरी: मागच्या वर्षीचा रिपोर्ट ग्रुपवर आहे. वर जाऊन बघावा.

रोहन ३०१: बघितला दादा. पीएच, कठीणपणा, कोलिफॉर्म, संपलं. बाकीच्या रसायनांचं लॅबला नाव घेऊन सांगावं लागतं. आणि नेहाताई, पाण्यात एवढ्याशा प्रमाणात बीपीए असलं तर वास येत नाही. वास बहुधा कोटिंगमधल्या सॉल्व्हंटचा. त्याची व्हीओसी (हवेत उडणारी रसायनं) टेस्ट वेगळी.

नेहा ५०४: म्हणजे दोन्ही करा. कोटिंग नीट वाळायच्या आधीच टाकी भरली होती.

सेक्रेटरी: पाणी बंद म्हणून सगळ्यात जास्त कोण ओरडत होतं, तेही आठवावं 🙏

खजिनदार: फंड? लिफ्टचे पैसे अजून थकलेत, नावं घेत नाही.

२०४: घ्या ना नाव. तळमजल्याशेजारी राहणाऱ्यांनी लिफ्टचे का भरायचे?

२०३: शेजारी म्हणजे दुसरा मजला 😂

सेक्रेटरी: विषय पाण्याचा आहे. टीडीएस १२०.

जोशी काका: वाद नको. मी गच्चीवरून नमुना आणलाय. होज पाइप लावून कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरला.

रोहन ३०१: काका 🙏🙏 मऊ होज पाइपातच थॅलेट असतात. रिपोर्ट पाइपाचा येईल. लॅब ब्राउन काचेची बाटली देते, झाकणाला आत टेफ्लॉन. मध्ये नळी नको, फनेल नको.

जोशी काका: मग हे पाणी झाडांना घालतो.

२०४: झाडांनी काय घोडं मारलंय?

नेहा ५०४: रोहन, रिपोर्टमध्ये बघायचं काय?

रोहन ३०१: 'आढळले नाही' लिहिलं की शेजारी लॅबला किमान किती मोजता येतं ती मर्यादा बघायची. डीईएचपी या थॅलेटसाठी डब्ल्यूएचओचं प्रमाण लिटरला ८ मायक्रोग्रॅम. लॅबला ५० च्या खालचं मोजताच येत नसेल तर त्या 'आढळले नाही'ला काय अर्थ? बीपीएसाठी युरोपची मर्यादा २.५. लॅबला आधीच विचारा. नमुने दोन जागचे: टाकीत येणाऱ्या लाइनचा आणि स्वयंपाकघरातल्या नळाचा, सकाळचं पहिलं पाणी. दोन्हींत फरक पडला तरच दोष आपल्या टाकीचा किंवा पाइपांचा.

सेक्रेटरी: आणि फरक नाही पडला तर कोटिंगवरून ऐकवणं बंद होईल ना?

नेहा ५०४: रिपोर्ट तर येऊ दे. नळ माझ्याकडचा घ्या. पहाटे कुणी वापरायच्या आत भरून ठेवते.

खजिनदार: दोन लॅबची कोटेशन, लेखी. तोंडी चालणार नाही. आणि २०४, तुमचं वेगळं बोलू.