मदत हवी आहे: गुणोत्तर आणि शेकडेवारीची शाब्दिक उदाहरणं लेकरांना कशी समजवावीत? (पाचवी-सहावी)

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. शाळा जिल्हा परिषदेची, जिल्हा परभणी, वर्ग पाचवी आणि सहावी. नुसती आकडेमोड लेकरांना येते. ८०० चे १५ टक्के काढा म्हटलं की १२० लिहितात, १२:१८ चं २:३ करतात. तेच वाक्यात घातलं की बैलगाडी चिखलात. चाचणीतली चार उदाहरणं आणि निम्म्याहून जास्त वह्यांत आलेली उत्तरं खाली देतो.

१) ४ जणांना ६ भाकरी लागतात, तर ६ जणांना किती? उत्तर: ८.
२) वर्गात मुलं आणि मुली ३:२. मुली वर्गाचा कितवा भाग? उत्तर: २/३.
३) आज पटावरची ६० टक्के लेकरं हजर, हजर २७. पट किती? उत्तर: १६.२.
४) २५० ग्रॅम आणि १ किलो यांचं गुणोत्तर? उत्तर: २५०:१.

"नीट वाचा" हे सांगून झालंय. वाचतात, तरी चुकतात. नेमकं काय करून घ्यावं?

खडूचा तुकडा

सर, या चारही चुका वेगवेगळ्या आहेत. एकाच औषधाने जाणार नाहीत. पहिल्या दोन मी घेतो, टक्केवारीवर इथं माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आहेत.

भाकरीच्या उदाहरणात लेकरू बेरजेने विचार करतंय. माणसं दोनने वाढली, मग भाकरीही दोनने वाढवल्या. ९ हे बरोबर उत्तर लगेच फळ्यावर लिहू नका. त्याचंच उत्तर धरून त्याला विचारा: "पहिल्या चौघांनी ६ खाल्ल्या, म्हणजे प्रत्येकी दीड. नवे दोघे आले, त्यांना मिळून २, म्हणजे एकेकच. या दोघांनी काय पाप केलं?" एवढ्यावर बहुतेक वर्ग हसतो आणि चूक कळते. मग दोन ओळींचा तक्ता:

माणसं: ४, २, ६
भाकरी: ६, ३, ९

चारावरून थेट सहावर उडी मारू द्यायची नाही. आधी निम्मं, मग दोन्ही रकाने एकत्र. ज्याला निम्मं सुचत नाही त्याने एकावर यावं: १ माणूस, दीड भाकर. हीच एकमान पद्धत, फक्त तिचं नाव नंतर सांगा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द लेकरं घरून घेऊन येतात, १.५ मात्र शाळेत येऊन शिकतात. म्हणून सुरुवात दीडपासून करावी.

तक्ता पक्का झाला की मुद्दाम एक बेरजेचं उदाहरण मध्ये टाका: "दादा १० वर्षांचा, ताई १४ ची. दादा २० चा होईल तेव्हा ताई किती वर्षांची?" इथं २४ बरोबर, २८ चूक. हे टाकलं नाही तर लेकरं "या धड्यात सगळीकडे गुणायचं" एवढंच शिकतात.

आता ३:२. इथं भाग आणि एकूण यांची गल्लत झालीय. पट्टी काढायला लावा: पाच सारखे चौकोन, तीनवर "मुलं", दोनवर "मुली". मग बोटाने चौकोन मोजत तोंडाने म्हणायचं, "एकूण भाग पाच". वहीच्या समासात "एकूण भाग = ५" लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही, हा नियम महिनाभर कडक ठेवा. मुली २/५. वर्ग ३५ चा असेल तर एक चौकोन ७ चा, मुली १४, मुलं २१. पट्टी काढताना चौकोन लहानमोठे झाले तरी अडवा, कारण सगळं "सारखे" या शब्दावर उभं आहे.

गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्या घरांत हे आधीच माहीत असतं. १:६ चा माल म्हणजे एक घमेलं सिमेंट, सहा घमेली वाळू. कोरडी ३५ घमेली मोजून टाकायची तर सिमेंट किती? ३५ ला ६ ने भागणारा चुकला. भाग सात, सिमेंट ५, वाळू ३०.

याच जातीची एक अवघड जागा बटईत आहे. "तिसऱ्या हिश्श्याने शेत केलं" म्हणजे कसणाऱ्याला एक वाटा, मालकाला दोन. गुणोत्तर १:२. लेकरं हमखास १:३ लिहितात, कारण "तिसरा" ऐकू येतो. हे उदाहरण पट्टी पक्की झाल्यावर द्या, आधी नको.

गोदाकाठ

टक्केवारीत मी वर्गात एकच प्रश्न विचारतो: शंभर कोण? ज्याला याचं उत्तर सापडलं त्याची पुढची आकडेमोड सहसा चुकत नाही.

मराठीत शंभर कोण हे प्रत्यय आणि शब्द सांगतात, आणि ते टक्क्याच्या आधी येतात. "८०० चे १५ टक्के", "८०० मतदारांपैकी ६५ टक्के", "मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त". चे, पैकी, पेक्षा ज्याला चिकटले त्याला गोल करायचा आणि वर १०० लिहायचं. मुलं ४०, मुली मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त: शंभर म्हणजे मुलं, २५ टक्के म्हणजे पाव, मुली सव्वापट, ५०. आता उलटं विचारा: मुलं मुलींपेक्षा किती टक्क्यांनी कमी? सगळा वर्ग २५ म्हणेल. "पेक्षा" आता मुलींना चिकटलाय, शंभर झाले ५०, फरक १०, उत्तर २० टक्के.

"ने" वरही लक्ष ठेवा. ५०० चा भाव २० टक्क्यांनी उतरला, तर राहिले ४००. भाव पूर्वीच्या २० टक्के उरला, तर १००. एका अक्षराने चारशेचे शंभर होतात.

आता तुमचं तिसरं उदाहरण. आकडे अंगठ्याने झाकून वाचायला लावा: "पटावरची अमुक टक्के लेकरं हजर, हजर अमुक. पट किती?" विचारा, पट हजेरीपेक्षा मोठा की लहान? हा प्रश्न झाला की १६.२ लिहायला हात धजत नाही. मग दुहेरी पट्टी, वर टक्के आणि खाली लेकरं:

टक्के: ०, २०, ४०, ६०, ८०, १००
लेकरं: ०, ९, १८, २७, ३६, ४५

६० खाली २७ आधी लिहायचं, कारण तेवढंच माहीत आहे. तिथून २० वर या, तीनने भागून. १० टक्क्यांवर गेलात तर साडेचार लेकरं येतात आणि वर्ग बिथरतो. गणित चुकत नाही, पण अर्धं लेकरू कुणाला पचत नाही. आकडे निवडताना एवढं बघा.

आणखी एक. सुरुवातीला "एका गावात १०० माणसं" अशी उदाहरणं देऊ नका. एकूणही १०० आणि टक्केही १०० असले की लेकरू न समजता बरोबर उत्तर देतं, आणि आपल्याला वाटतं आलं याला.

टक्का म्हणजे काय हे सांगायला आपल्याकडे पैसेवारी आहे. "गावाची पैसेवारी ४७ आली" म्हणजे पुरतं पीक रुपया धरलं तर यंदा ४७ पैसे. ५० च्या आत आली की घरात चेहरे उतरतात, हे लेकरांनी पाहिलेलं असतं. रुपयाचे १०० पैसे, म्हणून शंभरातले ४७. व्याख्या पाठ करायची गरजच नाही.

आणि जायकवाडी. "धरण ४० टक्के भरलं" यात शंभर कोण? पूर्ण धरण नव्हे, उपयुक्त साठा, म्हणजे सुमारे २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर). तळाशी राहणाऱ्या मृतसाठ्याचे ७३८ दलघमी त्यात धरत नाहीत. १० टक्के साधारण २१७, ४० टक्के ८६८. शून्य टक्के झालं तरी तळाशी पाणी असतंच. सहावीला हे सांगून "शंभर कोण" विचारा, तास कमी पडेल.

मन्याडकर

चौथ्याचं थोडक्यात. गुणोत्तर लिहिण्याआधी दोन्ही राशी एकाच एककात. २५० ग्रॅम : १००० ग्रॅम = १:४. एकक खोडलं जातं म्हणून उत्तराला एकक नसतं, हे त्याच वेळी सांगा. फवारणीचा पंप चांगला सराव देतो: १५ लिटर पाण्याला ३० मिली औषध. लेकरं ३०:१५ म्हणजे २:१ करतात. म्हणजे पाण्याच्या दुप्पट औषध, पीक करपून जाईल! ३०:१५००० = १:५००. आणि क्रम: प्रश्नात जे आधी ते डावीकडे. "पाणी आणि औषध" विचारलं तर ५००:१.

घड्याळवाली मॅडम

पट्ट्या, तक्ते सगळं छान. पण शिष्यवृत्ती परीक्षेच्या पहिल्या पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न आहेत. एका प्रश्नाला ७२ सेकंद. पट्टी काढत बसलं तर पेपर राहतो. तिरकस गुणाकार शिकवा आणि मोकळे व्हा.

खडूचा तुकडा

मॅडम, वेळेचं पटलं, तिरकस गुणाकाराचं नाही. "६ मजुरांना १० दिवस लागतात, १२ मजुरांना किती?" तिरकस गुणाकार करणारं लेकरू २० दिवस लिहितं. मजूर दुप्पट, काम दुप्पट उशिरा! आधी "हे वाढलं तर ते वाढेल का?" विचारायची सवय लागली की ५ येतं. मग गुणाकार कसाही करा.

वेळ वाचवायचा तर पर्याय गाळायला शिकवा. पटाच्याच उदाहरणाला १६, ३३, ४५, ६० असे पर्याय समजा. पट २७ पेक्षा मोठा, १६ गेला. २७ हे निम्मे असते तर पट ५४ झाला असता, ते निम्म्याहून जास्त आहेत, म्हणून पट ५४ च्या आत, ६० गेला. ३३ चे ६० टक्के २० च्या आसपास. राहिला ४५. ७२ सेकंदांत हे आरामात बसतं. त्यासाठी ५० निम्मे, २५ पाव, ७५ पाऊण, १० म्हणजे दहावा भाग, ५ म्हणजे त्याचं निम्मं, एवढं तोंडी हवं. ३५ टक्के म्हणजे पाव अधिक दहावा.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. दोन शंका. एक: ४:२ चं २:१ केलं तर एका लेकराने हरकत घेतली, "सोयाबीन-तूर चार-दोन आणि दोन-एक वेगळं असतं, सर." त्याला काय सांगू? दोन: भाव १० टक्क्यांनी वाढला आणि मग १० टक्क्यांनी उतरला, तर "होता तेवढाच" हे उत्तर हलत नाही.

गोदाकाठ

लेकरू बरोबर आहे, त्याला चूक म्हणू नका. रानात चार तास (म्हणजे पेरणीच्या ओळी) सोयाबीन आणि दोन तास तूर हा सहा तासांचा पट्टा, दोन-एक हा तीन तासांचा. पेरणी वेगळी, आंतरमशागत वेगळी. पण ६० तासांच्या शेतात दोन्हीकडे सोयाबीन ४० आणि तूर २०. त्यालाच मोजायला लावा, दोन्ही चित्रं काढून. गुणोत्तर "किती" सांगतं, "कसं मांडलंय" ते सांगत नाही. हा फरक त्याने स्वतः पकडलाय, त्याचं नाव घेऊन वर्गाला सांगा. (शहरातून बदलून आलेल्या शिक्षकाला "चार तास सोयाबीन" म्हणजे घड्याळाचे तास वाटतात, ते वेगळं.)

दुसरं: २०० पासून सुरू करा. १० टक्के वाढून २२०. आता "शंभर कोण?" विचारा. २२०. त्याचे १० टक्के २२, म्हणून १९८. दोन पट्ट्या एकाखाली एक काढा, दुसरी लांब. लांब पट्टीचा दहावा भाग मोठा असतो, हे डोळ्यांना दिसतं.

मन्याडकर

दोन रुपये कुठे गेले हे विचारणारं एक तरी निघेल, ते निघेपर्यंत पुढे जाऊ नका. आणि सोयाबीनच्या ओलाव्याचं उदाहरण पाचवीला देऊ नका. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो माल वाळून १२ टक्क्यांवर आला तर वजन ९२ नव्हे, ९१ किलोच्या थोडं खाली येतं: कोरडा माल ८० किलो तेवढाच राहिला, तो आता ८८ टक्के आहे. इथं शंभर वाळताना बदलत जातो. आडतीवर मोठी माणसंही यात फसतात. सातवी-आठवीला मात्र जरूर द्या.