अक्रात रात्री बाहेर पडावं का?

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी नाशिकहून घानात, राजधानी अक्राजवळच्या टेमा शहरात आले, कंपनीच्या वसाहतीत राहते. ऑफिसातल्या घानियन मैत्रिणी दर शुक्रवारी अक्रातल्या ओसू भागात चल म्हणून मागे लागतात. आईचं एकच पालुपद, सातच्या आत घरात. शेजारचे काका-काकूही तेच सांगतात. मला इथलं गाणं समोर बसून ऐकायचंय. खरंच जाऊ नये का?

– टेमातली नवी सभासद

———

अगं, जरूर जा!

अक्रात मला अकरा वर्षं झाली. हायलाइफ, म्हणजे इथलं गिटार-ट्रम्पेटचं नाचरं संगीत, समोर बसून ऐकल्याशिवाय हे शहर कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. ओसूतला रिपब्लिक बार किंवा नॉर्थ रिजचा 'प्लस टू थ्री थ्री' (घानाचा फोन कोडच आहे तो) यांपासून सुरुवात कर. गिटार आणि ट्रम्पेट सुरू झाले की आजीच्या वयाच्या बायकाही रुमाल हलवत नाचायला उठतात.

पण परत कसं यायचं ते निघण्याआधी ठरव. मध्यरात्रीनंतर मोटरवेने एकटीने टेमाला जायचं नाही. माझ्याकडे झोपायला ये, एक खोली रिकामीच असते.

उबर किंवा बोल्ट बोलावलीस की आतच थांब, गाडी दारात आल्यावर नंबरप्लेट बघून बस. ड्रायव्हर म्हणाला, "राइड कॅन्सल करा, रोख द्या," तर सरळ नाही म्हण. एकदा कॅन्सल केली की तू कोणत्या गाडीत आहेस याचा माग राहत नाही. मी एकदा ओसूत रस्त्याच्या कडेला उभी राहून गाडी कुठवर आली ते फोनवर बघत होते. मोटारसायकलवरून दोघं आले आणि फोन हिसकावून गेले. मोमोचे (मोबाइल मनीचे) पैसे त्यातच, घरचा नंबर त्यातच, आणि मला एकही नंबर पाठ नव्हता. तेव्हापासून दोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवते.

चोरांपेक्षाही मला धास्ती उघड्या गटारांची. रस्त्याच्या अगदी कडेला, काँक्रीटची, काही ठिकाणी कमरेइतकी खोल, वर झाकण नाही. वीज गेली की दिसतच नाहीत. आमच्यातल्या एकाचा घोटा तिथेच मोडला, तोही दारूचा थेंब न घेता. टॉर्च हातात असू दे आणि बंद बूट घाल.

अक्पेतेशी कुणी प्रेमाने पुढे केली तर सांभाळून. ताडीपासून किंवा उसाच्या रसापासून गाळलेली असते, फार कडक. बिअरची बाटली डोळ्यांसमोर उघडून घे. लाबाडीच्या किनाऱ्यावर गाणं ऐक, पण रात्री पाण्यात पाऊल नको, तिथली ओढ भयंकर आहे.

रात्री पोलिसांचा नाका लागला तर गाडीतला दिवा लावायचा, आधी "गुड इव्हनिंग" म्हणायचं, कागद उजव्या हाताने द्यायचे. डावा हात पुढे केलेला इथे कुणालाच खपत नाही, आपल्याकडे प्रसाद घेताना चालत नाही तसाच.

आणि केलेवेले चुकवू नकोस! पिकलेल्या राजेळी केळ्यांसारख्या केळ्यांचे तुकडे आलं-मिरची लावून तळतात. रस्त्याकडेला मावशी कढईतून काढून कागदावर ओतते, वर मूठभर शेंगदाणे. कडा करपून गोड झालेल्या असतात. गरमच खा, म्हणजे पोटाचीही काळजी नाही.

– ओसूची ताई

———

ताईंच्या मेलला पुस्ती जोडतो.

मे-जूनमध्ये गा लोकांच्या (अक्राचे मूळ रहिवासी) होमोवो सणाआधी साधारण महिनाभर अक्रात ढोल आणि मोठ्या आवाजावर बंदी असते. पेरलेलं पीक शांततेत वाढावं म्हणून ही जुनी प्रथा आहे. त्या दिवसांत बँड आहे की नाही ते आधी फोन करून विचारा आणि बंदी मनापासून पाळा. आपण त्यांच्या गावात राहतो.

मलेरियाचा डास रात्रीच चावतो. उघड्यावर बसणार असाल तर पूर्ण बाह्या घाला, घोट्यांनाही मलम लावा. नंतर ताप आला तर "दगदग झाली असेल" म्हणत बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. आणीबाणीचा नंबर ११२.

– ईस्ट लेगोनहून

———

ताई, काका, मनापासून आभार. आईला दोन्ही मेल वाचून दाखवल्या. "ताईकडे झोपणार असशील तर जा" म्हणाली. ताई, येत्या शुक्रवारी चालेल? पांघरूण माझं मी आणते. टेमाहून सहा वाजता निघू, गाडीत अजून दोघींना जागा आहे.