तुळशीच्या पानातला बॅसिलस: झोन आलाय, पण मॅडमना पटेना

पेट्रीप्लेट_पुणे:
एमएस्सी मायक्रोचा प्रोजेक्ट चालूय, तुळशीच्या पानाच्या आत राहणारे आणि दुसऱ्या जंतूंना रोखणारे बॅक्टेरिया शोधायचेत. घरच्या तुळशीची पानं ७०% अल्कोहोलमध्ये मिनिटभर बुडवली, स्टराईल पाण्यानं तीनदा धुतली, सलाईन घालून खलात वाटली आणि न्यूट्रिअंट अगारवर (बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीवर) टाकली. दोन दिवसांत पांढरट, कोरड्या, सुरकुतलेल्या कॉलन्या आल्या, ग्रॅम पॉझिटिव्ह रॉड, स्पोरपण (चिवट बीजाणू) दिसतायत, म्हणजे बॅसिलस वाटतोय. कल्चरचं वरचं निवळ पाणी (सुपरनॅटंट) अगारमधल्या वेलमध्ये, म्हणजे भोकात, घातलं तर स्टॅफ ऑरियस या जंतूवर १४ मिमीचा झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ), इ. कोलायवर मात्र ढिम्म काही नाही. मी खूश, तर मॅडम म्हणतात "हा पानाच्या आतलाच कशावरून?"

जुना_लॅबवाला:
शेवटच्या धुण्याचं पाणी प्लेटवर टाकलं होतं का? त्यावर काही उगवलं तर तुमचा बॅसिलस पानावरच्या धुळीतला. आणि अल्कोहोलनं स्पोर मरत नाहीत, सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, लागतंच. तुळशीच्या पानावर लव असते, तिच्यात हवा अडकते, म्हणून ट्वीन-२० या साबणासारख्या द्रवाचा एक थेंब टाका. फक्त ब्लीचमध्ये पानं विसरू नका, आम्ही विसरलो होतो, पानं पांढरीफटक, आतलं सगळं मेलेलं आणि आम्ही आठवडाभर रिकाम्या प्लेटा बघत बसलो.

अगार_अगार:
झोनचंपण बघा. नुसता ब्रॉथ (बॅक्टेरियाचं द्रव खाद्य), कल्चर न घातलेला, तेवढ्याच पीएचला आणून शेजारच्या वेलमध्ये घाला, कधीकधी सगळी करामत आम्लाची असते. मग सुपरनॅटंट उकळून परत लावा, तरी झोन टिकला तर सरफॅक्टिनसारखं लिपोपेप्टाइड (चरबी जोडलेला छोटा प्रथिनाचा तुकडा) असू शकतं, काही बॅसिलस ते बनवतात आणि ते उष्णतेला दाद देत नाही. इ. कोलायचं मनावर घेऊ नका, त्याच्यासारख्या ग्रॅम निगेटिव्हला बाहेरून एक जादा पडदा असतो, बरीच औषधं तिथेच अडतात.

काढाप्रेमी:
म्हणजे रोज पाच पानं चावली की अँटिबायोटिक फुकट?

अगार_अगार:
नाही हो. फ्लास्कमध्ये भरपूर खायला घालून वाढवलेला बॅक्टेरिया आणि पानात गुपचूप राहणारा, दोघांचं वागणं एक नसतं. पण कल्पना अगदीच हवेतली नाही, ऑस्ट्रेलियात आदिवासी जखमेवर एका वेलीचा उपयोग करायचे, तिच्यात राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस बॅक्टेरियामधून म्युनुम्बिसिन नावाची अँटिबायोटिक्स मिळाली, २००२ मध्ये छापून आलं.

पेट्रीप्लेट_पुणे:
शेवटचं पाणी मी सिंकमध्ये ओतलं. परत पहिल्यापासून! त्यात उद्या रविवार, आजी तुळशीला हात लावू देणार नाही, म्हणजे सोमवारीच.